गोदाकाठी समुद्र : खाऱ्या पाण्याच्या लहान मत्स्यालयाचा इतिहास

खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय म्हणजे काचेच्या टाकीत समुद्राचे क्षार, ऊब, उजेड आणि प्रवाह सांभाळून प्रवाळखडकावरचे जीव जगवण्याची विद्या. गोड्या पाण्याच्या टाकीत नळाचे पाणी चालते आणि मासेही नदीतळ्यातले असतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र पाणी तयार करण्यापासून सुरुवात होते. ही विद्या आज जिथे पोचली आहे, तिथे येण्यास तिला पावणेदोनशे वर्षे लागली. या काळात मासे पकडणे तितके कठीण नव्हते. पाणी जिवंत ठेवणे कठीण होते. या छंदाचा खरा इतिहास त्यामुळे पाण्याचा इतिहास आहे.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा गावातून पाहिले, की हा इतिहास विशेष स्पष्ट दिसतो. सायखेडा गोदावरीच्या काठावर आहे आणि पलीकडे चांदोरी आहे. नदीच्या खालच्या अंगाला, गोदावरी-कादवा संगमावर, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामागे साठलेले जलाशय आणि दलदल हे २०२० साली महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले. गावाला पाण्याची आणि पुराची ओळख जुनी आहे. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीच्या वस्तीत शिरले होते. पण हे सारे पाणी गोडे. अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आहे, आणि गावावरून वाहणारी नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. तिचा एकूण प्रवास १,४६५ किलोमीटरचा. समुद्राची कोणतीही वस्तू या काठावर यायची, तर ती घाट चढूनच यावी लागे.

घाट चढून आलेला समुद्र

अशा वस्तू शतकानुशतके येत होत्या. त्यांत पहिले मीठ. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या खाडीकाठी, वसई, भाईंदर, उरण, पेण या भागांत, मिठागरे होती. तिथले जाडे मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे थळ घाटाने देशावर येत आणि परतताना धान्य नेत. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा-इगतपुरी टप्पा सुरू झाला. मग हाच माल रेल्वेने नाशिक-निफाडकडे येऊ लागला आणि तांड्यांचे दिवस संपत आले. मिठाबरोबर सुके बोंबील आणि सुकट येई. देवघरासाठी शंख येत.

आणि पोवळी येत. नवरत्नांतले, मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसवले जाणारे आणि माळेत ओवले जाणारे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदराचे व्यापारी ते गोव्यात पाठवत आणि त्याच्या मोबदल्यात भारतीय हिरे मागवत. बाजारपेठांतून फिरत ते मण्यांच्या रूपाने देशावर पोचे. देशावरच्या माणसाला प्रवाळ असे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, पण घासून गुळगुळीत केलेला मणी म्हणून. तो मणी एका प्राणिवसाहतीचा सांगाडा आहे, हे दागिन्यावरून कळण्याजोगे नव्हते.

समुद्री आणि नदीतल्या माशांचा भेद मात्र इथल्या विद्येला जुनाच ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असा एक भाग आहे. त्यात माशांच्या जाती, समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले असे त्यांचे वर्ग, त्यांची खाद्ये आणि गळ टाकून मासे धरण्याची रीत सांगितली आहे. हा विनोद तळ्याकाठचा आहे. समुद्री मासा जिवंत घरी आणण्याची कल्पना त्यात नाही, कारण ती शक्य नव्हती.

ती का शक्य नव्हती, याचे उत्तर मिठागरातच सापडते. एक किलो समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला साधारण ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड यांचा. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि अल्प प्रमाणात इतर अनेक द्रव्ये येतात. मिठागरात पाणी आटू लागले, की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात, मग साधे मीठ खड्यांच्या रूपाने धरते. शेवटी उरलेले कडवट पाणी आगरी कामगार काढून टाकतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा मोठा हिस्सा त्या पाण्याबरोबर जातो. खाण्यासाठी हे योग्यच, कारण मॅग्नेशियमच मिठाला कडू करते. पण नेमक्या ज्या द्रव्यांवर प्रवाळ आपला सांगाडा बांधतो, ती या क्रियेत गळून पडतात. बाजारातले मीठ पाण्यात कितीही कालवले, तरी त्याचा समुद्र होत नाही.

काचेतला पहिला समुद्र

समुद्री जीव काचेत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचे पहिले गाजलेले प्रयोग जान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच संशोधक स्त्रीने १८३२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे केले. कागदी नौकेसारखे कवच असलेला आर्गोनॉट हा अष्टपाद ते कवच स्वतः तयार करतो, हे तिने काचेच्या टाक्यांत पाहून सिद्ध केले. तिच्या टाक्यांना समुद्र जवळच होता, म्हणून पाणी बदलणे सोपे होते.

समुद्रापासून दूर प्रवाळ जगवण्याचे श्रेय ॲना थिन यांच्याकडे जाते. १८४६ साली इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून त्यांनी काही कठीण प्रवाळ लंडनला नेले. पाण्यातला प्राणवायू संपू नये म्हणून घरची मोलकरीण ते पाणी रोज उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पुढे थिन यांनी भांड्यात समुद्री शैवाल घातले आणि तो समतोल जवळजवळ तीन वर्षे टिकला. हवा मिसळणे आणि वनस्पती-प्राण्यांची जोडी ही दोन तत्त्वे येथे प्रथम एकत्र दिसतात. १८५० साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून हेच तत्त्व गोड्या पाण्यात मांडले.

ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. गॉस यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही दिली. साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे तिचे चार घटक होते. किनारा सोडून समुद्र करण्याची ही पहिली लोकप्रिय पाककृती. तिची दुसरी बाजू लवकरच दिसली. छंदाची लाट आली आणि हौशी लोकांनी इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरची डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांना स्वतःला त्याचे दुःख झाले. छंद वाढला की किनारा उजाड होतो, हा धडा या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

कृत्रिम पाण्याला भक्कम पाया मिळाला तो ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या १८७२ ते १८७६च्या जगप्रवासाने. त्या प्रवासात जगभरातून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. क्षारांचे एकूण प्रमाण जागोजाग बदलते, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्व महासागरांत सारखेच राहते, हे त्यातून पक्के झाले. एकच मिश्रण जगात कुठेही समुद्र म्हणून चालू शकते, याची शास्त्रीय खात्री इथे आहे. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे केले. माशांच्या मलमूत्राने विषारी होणारे पाणी सुरक्षित करणारे हेच ते अदृश्य कामगार. मत्स्यालयवाल्यांनी मात्र त्यांचा जाणीवपूर्वक उपयोग करायला आणखी बरीच दशके घेतली.

मद्रास, मुंबई, रत्नागिरी

भारतात सार्वजनिक मत्स्यालय प्रथम मद्रासला झाले. तिथल्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या कल्पनेतून मरीना किनाऱ्यावर १९०९ साली ते उघडले. किनाऱ्यावरच असल्याने समुद्राचे पाणी त्याला थेट मिळे.

महाराष्ट्राला आपले मत्स्यालय मिळण्यास स्वातंत्र्य यावे लागले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उभारलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लाख रुपये खर्चापैकी दोन लाखांची देणगी पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी दिली होती आणि कारभार मत्स्यव्यवसाय खात्याकडे होता. काळोख्या दालनात उजळलेल्या काचांमागे कासवे, वाम आणि रंगीत प्रवाळमासे पाहणे, हा पुढे शाळांच्या मुंबई सहलींचा ठरलेला भाग झाला. घाटावरच्या असंख्य मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो इथे. नूतनीकरणानंतर २०१५ साली मत्स्यालय पुन्हा उघडले, तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा बोगदाही होता. २०२०च्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे बंद झाले आणि जुन्या इमारतीच्या भवितव्याचा प्रश्न पुढे आला.

रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ साली सुरू झाले. ते पुढे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. त्याचे मत्स्यालय आणि देवमाशाचा भव्य सांगाडा असलेले संग्रहालय पाहण्यासाठी लोक आवर्जून जातात. मद्रास, मुंबई आणि रत्नागिरी या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. समुद्र दाराशी होता. देशावर असे मत्स्यालय चालवण्याचे साधन या संस्थांच्या स्थापनेच्या काळात कुणाकडेच नव्हते.

टाकी घरात आली

घरगुती टाकीची पहिली अडचण धातूची होती. जुन्या टाक्या लोखंडी किंवा पितळी चौकटीत पुटीने काच बसवून करत. खाऱ्या पाण्यात चौकट गंजे आणि विरघळलेला धातू जिवांना मारी. तांब्याचा अंश तर बिनकण्याच्या समुद्री जिवांना अत्यंत घातक. १९६०च्या दशकात सिलिकॉनचा चिकट सांधा आला आणि चौकटीशिवाय काचेला काच जोडता येऊ लागली. त्याच दशकात अमेरिकेत तयार समुद्री क्षारांची पाकिटे विकली जाऊ लागली. गॉस यांच्या चार क्षारांची जागा कॅल्शियम आणि सूक्ष्म द्रव्यांसह मोजून केलेल्या मिश्रणाने घेतली. समुद्रापासून हजार किलोमीटरवरचा माणूसही आता घरात समुद्रपाणी करू शकत होता.

तरी त्या काळच्या टाक्यांत प्रामुख्याने मासेच असत. वाळूखालून पाणी ओढणाऱ्या गाळणीत जिवाणू वाढत आणि मासे जगत. सजावटीला उकळून, धुऊन पांढरे केलेले मेलेले प्रवाळ ठेवत. जिवंत प्रवाळ काही आठवड्यांतच दगावत.

वळण आशियातून आले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली अमेरिकन नियतकालिकात आपली पद्धत मांडली. ते समुद्रातून आणलेला, जिवांनी भरलेला खडक टाकीत ठेवत, हलके हवेचे बुडबुडे सोडत आणि सूर्यप्रकाश येऊ देत. त्या खडकाच्या छिद्रांत असंख्य जिवाणू आणि बारीक प्राणी असत आणि तेच पाणी शुद्ध ठेवत. पुढच्या दोन दशकांत जर्मन आणि स्विस हौशींनी या कल्पनेला यंत्राची जोड दिली. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर, प्रखर मेटल हॅलाइड दिवे आणि कॅल्शियमची नियमित भर यांतून ‘बर्लिन पद्धत’ घडली. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी घरगुती ‘मिनी रीफ’ लोकप्रिय केली. १९९४ साली जे. चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाने ही सारी विद्या एकत्र आणली.

प्रखर दिव्यांचे कारण प्रवाळाच्या शरीरात आहे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी फार तापले, की हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा होऊन उपाशी राहतो. म्हणून प्रवाळाच्या टाकीत उजेड हे अन्न आहे आणि तापमान ही जीवनमरणाची गोष्ट आहे. २०००नंतर एलईडी दिवे आले. कमी विजेत, कमी उष्णतेत आवश्यक प्रकाश मिळू लागला आणि पन्नास-शंभर लिटरची लहान टाकीही शक्य झाली.

भारतात १९९१नंतर आयात सुलभ होत गेली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथील रंगीत माशांच्या दुकानांत परदेशी क्षारांची पाकिटे, स्किमर आणि समुद्री मासे दिसू लागले. २००३च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन फिशला जगभर प्रसिद्धी मिळाली.

किनाऱ्याने मोजलेली किंमत आणि कायदा

गॉस यांच्या काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडले तेच मोठ्या प्रमाणावर उष्ण समुद्रांत घडले. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकापासून रंगीत मासे पकडण्यासाठी सायनाइड फवारण्याची प्रथा पडली. त्याने मासे गुंगतात, बरेच नंतर मरतात आणि आसपासचा प्रवाळही जळतो. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पुढे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला.

भारतातले मोठे प्रवाळप्रदेश चार : कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. महाराष्ट्राकडेही प्रवाळ आहे. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ साली झाली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ त्यात येतो. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राखाली, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा प्रवाळसमृद्ध उंचवटा आहे. मुंबईतही प्रवाळ आहे. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात वरळी आणि हाजीअली येथे आढळलेल्या १८ वसाहती २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवाव्या लागल्या. महानगराच्या एवढ्या मोठ्या रस्त्यालाही या जिवांसाठी परवानगी घ्यावी लागली, कारण ते वन्यजीव होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे समाविष्ट झाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळखडकही या कक्षेत येतो. २०२२च्या दुरुस्तीने सायटीस यादीतील विदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही आणले. परदेशी पुस्तके आणि चित्रफिती पाहून टाकीचा बेत करणाऱ्याने हा फरक आधीच समजून घ्यायला हवा. तिथे दुकानात मिळणाऱ्या अनेक गोष्टी इथे बाळगणे गुन्हा आहे.

कायद्याबरोबर दुसरी वाटही तयार झाली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि तमिळनाडूतील परंगीपेट्टई येथील अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्राने २०००नंतरच्या काळात क्लाऊन फिशची टाकीत पैदास साधली. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आणि राज्याच्या कांदळवन यंत्रणेच्या सहकार्यातून अशा शोभिवंत समुद्री माशांची उबवणी सुरू झाली. टाकीत जन्मलेला मासा टाकीतले खाद्य खातो, कमी रोगट असतो आणि त्याच्यासाठी कुठलाही प्रवाळखडक विस्कटावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या दोषावरचा हा खरा उपाय आहे.

देशावरची पहिली लहान टाकी

या साऱ्या इतिहासाचे सार निफाड तालुक्यातल्या एखाद्या घरातील पहिल्या टाकीत उतरते. तिथली परिस्थिती किनाऱ्याहून वेगळी आहे. निफाडचा परिसर महाराष्ट्रातील थंड जागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद होते. उन्हाळ्यात तोच चाळिशीकडे जातो. प्रवाळखडकावरच्या जिवांना मात्र वर्षभर २४ ते २७ अंश सेल्सिअस हवे. म्हणून इथे थंडीसाठी हीटर आणि उन्हाळ्यासाठी पंखा किंवा चिलर, दोन्हीची सोय लागते. वीज गेल्यावर निदान पाणी हलते ठेवणारा बॅटरीवरचा हवापंप हवा, कारण स्थिर पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो.

पाण्याचा विचार त्याहून आधी. बागायती आणि खतांच्या पट्ट्यातील विहिरी-बोअरचे पाणी काळ्या कातळातून क्षार घेऊन येते आणि त्यात नायट्रेट उतरलेले असण्याचा संभव असतो. असे पाणी टाकीत शेवाळाचा पूर आणते. आरओने गाळलेले पाणीच घ्यावे लागते. शंभर लिटर पाण्यासाठी सुमारे साडेतीन किलो समुद्री क्षारमिश्रण लागते. ते टाकीत नव्हे, वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत घालतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास असावे. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,३०० मिलिग्रॅमच्या जवळ आणि सामू ८.१ ते ८.३ असावा. टाकीतून वाफ होते ती गोड्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची घट भरायची ती साध्या आरओ पाण्याने. चैत्र-वैशाखात ही घट मोठी असते आणि दुर्लक्ष झाले तर पाणी घातक होण्याइतके खारट होते.

टाकी मोठी असेल तर चुका पचतात, म्हणून नवशिक्याने शंभर लिटरच्या आसपासची टाकी घेणे शहाणपणाचे. तळाला बारीक वाळू आणि वर भट्टीत भाजलेला किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड. समुद्रातून आणलेला खडक कायद्याने वर्ज्य असल्यामुळे जिवाणूंचे घर असे नव्याने वसवावे लागते. टाकीत थोडा अमोनियाचा स्रोत घालून वाट पाहतात. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट उरते. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. विनोग्राडस्की यांचे जिवाणू आपल्या गतीनेच काम करतात आणि घाईत सोडलेला मासा त्या काळात मरतो.

त्यानंतरच पहिले रहिवासी येतात. शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगाई आणि मग टाकीत पैदास झालेली क्लाऊन फिशची एखादी जोडी. समुद्रात क्लाऊन फिश ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल (सी ॲनेमोनी) त्यांना टाकीत लागतेच असे नाही. ते टाकीत त्याच्याशिवाय सुखाने जगतात आणि जोडी जमली की अंडीही घालतात. खाद्य दिवसातून एकदोनदा, चिमूटभर. दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलणे आणि मोजमापांची वही ठेवणे ही शिस्त वर्षभर पाळली, तर पाणी स्थिर होते. पाणी स्थिर झाल्यावरही कायद्याने संरक्षित जीव टाकीत आणण्याचा मोह टाळायचा असतो. इतर कोणत्याही बिनकण्याच्या जिवाबद्दल शंका असेल, तर विकत घेण्यापूर्वी वन खात्याकडे विचारणा करणे हाच सुरक्षित मार्ग.

ॲना थिन यांच्या घरी पाणी ओतणाऱ्या मोलकरणीपासून एलईडी दिव्यापर्यंत या विद्येने जे कमावले, त्यामुळे गोदाकाठच्या गावातही समुद्राचा एक लहानसा तुकडा जगवता येतो. गॉस यांच्या काळापासून तिने जे गमावले, तेही तितकेच खरे आहे. म्हणून पहिली टाकी उभारणाऱ्याने दोन नियम पाळावेत. आधी पाणी सिद्ध करावे, मग जीव आणावा. आणि तो जीव पैदास केंद्रातलाच आणावा, समुद्रातून उचललेला नव्हे. मालवणचा आणि आंग्रियाचा प्रवाळ ज्याला पाहायचा आहे, त्याने तो समुद्रातच पाहावा आणि तिथेच राहू द्यावा.